‘सुविधा’ आणि ‘मानार्थ’ : प्रवासाच्या पासांची परिभाषा व निवृत्तांचे स्थान

बदलापूर ह्या ग्रामनामाची जी व्युत्पत्ती लोकांच्या तोंडी आहे ती प्रवासाशी निगडित आहे. सुरतेच्या वाटेवर दमलेले घोडे येथे बदलीत, म्हणून हे बदलापूर, असे सांगण्यात येते. ध्वनिसाम्य आधी हाती लागावे आणि त्याभोवती कथा मागाहून रचली जावी, हा लोकव्युत्पत्तीचा नेहमीचा क्रम असल्यामुळे ह्या कथेवर ऐतिहासिक पुरावा म्हणून भिस्त ठेवता येत नाही. तथापि, ताजा घोडा स्वार घेऊन पुढे गेल्यावर दमलेल्या घोड्याचे काय होई हा प्रश्न त्या कथेत कोणी विचारलेला दिसत नाही, एवढे नमूद करण्यासारखे आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्याच प्रश्नाचा एक आधुनिक अवतार होय : ज्या वाहतूकसंस्थेत मनुष्याने आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे घालविली, त्या संस्थेच्या गाडीत वा विमानात निवृत्तीनंतर त्याची जागा कोणती, आणि ती जागा कोणत्या शब्दांनी सांगितली जाते?

बदलापूर गाव मराठी अभ्यासकांना अपरिचित नाही. न्यायखात्यातील नोकरीतून निवृत्त झाल्यावर ना. गो. चापेकर यांनी १९३३ साली ह्याच गावाच्या समाजजीवनाचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गावाची इतकी बारकाईने पाहणी करण्याचा तो मराठीतील आरंभीचा आणि आजही वाचनीय असा प्रयत्न आहे. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग १८५६ साली खुला झाला व बदलापूर रेल्वेला जोडले गेले. स्थानक ज्या भूमीवर उभे आहे ती वस्तुतः कुळगावची. मूळ बदलापूर गाव तेथून काही अंतरावर उल्हास नदीच्या बाजूस वसलेले आहे. परंतु पाटीवर नाव बदलापूरचे लागले आणि कुळगावाने ते निमूटपणे स्वीकारले. पुढे नगरपरिषदेच्या नावात मात्र कुळगावाला बदलापूरच्या आधी स्थान मिळाले. नावांच्या क्रमालाही मान असतो, याचे हे घरातलेच उदाहरण.

ह्या स्थानकावर ‘पास’ हा शब्द दिवसभरात असंख्य वेळा उच्चारला जातो आणि तो किमान दोन परस्परविरुद्ध अर्थांनी. मुंबईस नोकरीसाठी जाणारा सामान्य प्रवासी ‘पास काढला’ म्हणतो तेव्हा त्याने महिन्याचे किंवा तिमाहीचे पैसे मोजून सवलतीच्या दरातील तिकीट विकत घेतलेले असते. रेल्वेतील नोकर ‘पास काढला’ म्हणतो तेव्हा त्याने पैसे मोजलेले नसतात. आपल्या कार्यालयाकडे अर्ज करून विनामूल्य प्रवासाचे अधिकारपत्र मिळविलेले असते. एकाच क्रियापदासह एकाच नामाने खरेदी आणि प्राप्ती ह्या दोन्ही क्रिया दर्शविल्या जातात. संदिग्धता टाळण्यासाठी बोलीने स्वतःच उपाय योजले आहेत. पहिल्याला ‘महिन्याचा पास’ असे विशेषण लागते आणि दुसऱ्याच्या बाबतीत ‘पासावर जाणे’ असा वेगळा प्रयोग रूढ झाला आहे. ‘आम्ही पासावर गेलो’ असे कोणी म्हटले की घरात कोणीतरी रेल्वेत आहे किंवा होते, हे ऐकणाऱ्यास न सांगता समजते. ‘पास’ हे मराठीत पुल्लिंगी असून त्याचे अनेकवचन एकवचनाहून भिन्न होत नाही. त्यामुळे मोजणीसाठी ‘सेट’ हा आणखी एक उसना शब्द घ्यावा लागला. जाण्या-येण्याचा मिळून एक सेट, केवळ जाण्याचा किंवा येण्याचा अर्धा सेट. रेल्वेच्या कुटुंबांत वर्षाची गणना अनेकदा ह्याच मापाने होते : दिवाळीला एक सेट गेला, लग्नाला अर्धा गेला, एक शिल्लक आहे.

आता ह्या पासांचे प्रकार पाहावयाचे. भारतीय रेल्वेत पासांचे नियमन १९८६ च्या पासविषयक नियमांनी होते. कामानिमित्त प्रवासासाठी कर्तव्य-पास असतो. राहते घर आणि कामाची जागा यांमधील रोजच्या जाण्यायेण्यासाठी निवासी कार्ड-पास असतो; बदलापूरसारख्या उपनगरी गावी राहणाऱ्या नोकराला त्याचे महत्त्व इतर सर्व पासांहून अधिक. नोकराच्या व त्याच्या कुटुंबाच्या खाजगी प्रवासासाठी जो पास मिळतो त्याला रेल्वेच्या हिंदीत ‘सुविधा पास’ असे नाव आहे. ज्या नोकराच्या सेवेला पाच वर्षे पूर्ण झालेली नाहीत त्याला वर्षाला एक सेट, त्यानंतर तीन सेट, आणि अधिकारीवर्गाला सहा, असे त्याचे ढोबळ मान आहे. ह्याशिवाय एक-तृतीयांश भाड्यात प्रवास करण्याची आज्ञापत्रे मिळतात. त्यांना सर्वत्र ‘पी. टी. ओ.’ ह्या आद्याक्षरांनीच ओळखतात. नोकर निवृत्त झाला की ह्यांपैकी बहुतेक गोष्टी थांबतात. कार्ड-पास जातो, कारण कामाची जागाच उरत नाही. सवलतीची आज्ञापत्रे जातात. उरतो तो एक पास, आणि त्याचे नाव बदलते. तो आता ‘सुविधा पास’ नसतो. तो ‘सेवानिवृत्तीनंतरचा मानार्थ पास’ असतो. पंचवीस वर्षे वा अधिक सेवा झाली असेल तर तृतीय श्रेणीच्या नोकराला वर्षाला दोन सेट, वीस ते पंचवीस वर्षांच्या सेवेला एक. अधिकाऱ्यांना त्याच टप्प्यांवर अनुक्रमे तीन आणि दोन. वीस वर्षांच्या आत ज्याची सेवा संपली त्याला सर्वसाधारणपणे काहीच नाही.

तीनाचे दोन झाले ही गोष्ट उघड दिसते व तिच्याबद्दल फारसे कोणी तक्रार करीत नाही. त्याहून मोठा फरक नावात झाला आहे. ‘सुविधा’ ह्या हिंदी पर्यायाने मूळ इंग्रजी शब्दातील कायद्याचा अंश झाकला गेला आहे. ‘प्रिव्हिलेज’ हा शब्द लॅटिनमधून आलेला असून त्याचा मूळ अर्थ एखाद्या व्यक्तीपुरता केलेला कायदा असा आहे. म्हणजे तो विशेष असला तरी कायदाच होता. ‘सुविधे’त तो अर्थ नाही, सोय तेवढी आहे. मराठीत ज्याला आपण ‘सवलत’ म्हणतो तोही सोय किंवा सुलभता ह्या अर्थाच्या अरबी शब्दाचाच वंशज. इंग्रजीत जो विशेषाधिकार होता तो देशी भाषांत येताना सोय झाला, आणि निवृत्तीनंतर त्याचा ‘मान’ झाला. शब्दांचा हा उतार मुद्दाम कोणी योजलेला नसेल. परंतु हक्काकडून सोयीकडे आणि सोयीकडून सौजन्याकडे, अशी त्याची दिशा स्पष्ट आहे.

येथे मात्र मराठीचा स्वतःचा इतिहास आडवा येतो. इंग्रजीत ज्याला ‘कॉम्प्लिमेंटरी’ म्हणतात ती देणगी असते. देणाऱ्याची मर्जी असेतोवर ती चालते. ‘मान’ ह्या शब्दाला मराठी मुलुखात असा सौम्य अर्थ कधीच नव्हता. वतनदारीच्या कागदपत्रांत ‘हक्क’ आणि ‘मानपान’ ही जोडीने येतात. हक्क म्हणजे धान्याच्या किंवा पैशाच्या रूपाने मिळणारे उत्पन्न. मानपान म्हणजे पोळ्याच्या मिरवणुकीत कोणाचे बैल पुढे, होळीची पहिली पोळी कोणाची, विडा व टिळा आधी कोणाला. ह्या दुसऱ्या प्रकारच्या गोष्टींवरून थोरल्या व धाकट्या पाटलांच्या घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या वाद चालले आणि ते गोतसभेपर्यंत, सरकारापर्यंत गेले. सारांश, मराठी मनाला मान ही मागून मिळविण्याची, सिद्ध करण्याची आणि वारसाने पुढे चालविण्याची वस्तू वाटते. ती उत्पन्नापेक्षा कमी प्रतीची आहे असेही वाटत नाही. तेव्हा ‘मानार्थ’ हा शब्द रेल्वेच्या कार्यालयाने एका अर्थाने लिहिला आणि बदलापूरच्या निवृत्त गार्डाने किंवा फिटरने तो दुसऱ्या अर्थाने वाचला, असे झाले असल्यास नवल नाही. मानपानाच्या ह्या वादात मुख्य मुद्दा परिमाणाचा नसून क्रमाचा असे. किती मिळाले यापेक्षा आधी कोणाला मिळाले, हे महत्त्वाचे होते.

क्रमाचा हा प्रश्न रेल्वेत तीव्रतेने जाणवत नाही. पासधारकाला आरक्षण करावयाचे झाले तर तो इतर प्रवाशांप्रमाणे आरक्षण करतो. जागा नसेल तर त्याचे नाव प्रतीक्षायादीत त्याच्या त्याच्या क्रमांकाने लागते. काही विशिष्ट गाड्यांत पासावर किती जागा द्यावयाच्या याला मर्यादा आहेत. पण एकदा जागा निश्चित झाली की तिकीट विकत घेतलेला प्रवासी उशिरा आला म्हणून पासधारकाला उठविले जात नाही. निवृत्त पासधारक आणि कार्यरत पासधारक यांच्यातही जागेच्या बाबतीत भेद होत नाही. रेल्वे निवृत्ताचे परिमाण कमी करते, परंतु त्याचा क्रम कमी करीत नाही.

विमानकंपन्यांत ह्याच्या अगदी उलट घडते. तेथे कर्मचाऱ्याला मिळणाऱ्या विनामूल्य अथवा नाममात्र दराच्या तिकिटाची संख्या काही ठिकाणी मर्यादित, काही ठिकाणी जवळजवळ अमर्याद असते. पण ते तिकीट बहुधा जागेची हमी देत नाही. पैसे देणारे सर्व प्रवासी बसल्यावर ज्या खुर्च्या रिकाम्या राहतील त्या ह्या लोकांत वाटल्या जातात. भारतात ह्याला ‘सब्जेक्ट टु लोड’ म्हणण्याचा प्रघात पडला. अन्यत्र ‘स्टँडबाय’ हा शब्द रूढ आहे. निरनिराळ्या कंपन्यांनी एकमेकींच्या कर्मचाऱ्यांना द्यावयाच्या सवलतीचे करार केलेले आहेत आणि त्यांत भाडे अंतराच्या टप्प्यांवर ठरते. पण भाडे हा येथे गौण मुद्दा. विमान सुटण्यापूर्वी शेवटच्या अर्ध्या तासात दाराशी जी यादी तयार असते तिच्यात आपले नाव कितवे, ह्यावर सर्व काही अवलंबून असते. मिरवणुकीतील बैलांचा प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो.

ही यादी साधारणतः दोन पायऱ्यांनी तयार होते. प्रथम वर्ग ठरतो : कामासाठी निघालेला कर्मचारी, खाजगी प्रवासास निघालेला कार्यरत कर्मचारी व त्याचे कुटुंब, निवृत्त कर्मचारी, आईवडील, मित्र, परक्या कंपनीचे कर्मचारी. मग प्रत्येक वर्गाच्या आत क्रम ठरतो, आणि त्यासाठी दोन कसोट्या प्रचलित आहेत. एक, नोकरीत रुजू झाल्याची तारीख. दुसरी, प्रवासासाठी हजेरी नोंदविल्याची वेळ. निवृत्तांना कार्यरतांच्याच वर्गात ठेवावे की खालच्या, हा खरा वादाचा विषय. एक कल्पित उदाहरण घेऊ. १९८५ साली रुजू होऊन २०२३ साली निवृत्त झालेला सांताक्रूझच्या विमानतळावरील एक यंत्रज्ञ आणि २०१९ साली रुजू झालेला त्याचा तरुण सहकारी एकाच विमानासाठी उभे आहेत आणि खुर्ची एकच आहे. दोघे एकाच वर्गात असतील व तारीख ही कसोटी असेल तर ती खुर्ची निवृत्ताला मिळेल. किंबहुना, अशा पद्धतीत निवृत्त मनुष्य जवळजवळ प्रत्येक वेळी पहिला येईल, कारण नोकरीत असलेल्यांपैकी त्याच्याइतकी जुनी तारीख असणारे थोडेच उरलेले असतात. निवृत्तांचा वर्ग वेगळा व खालचा असेल तर कालपरवा लागलेला उमेदवारही त्याच्या पुढे जाईल. हजेरीची वेळ ही कसोटी असेल तर जो आधी जागा होईल तो जिंकेल. ह्या तिसऱ्या पद्धतीत ज्येष्ठतेचा प्रश्नच पुसला जातो, आणि म्हणूनच ती ज्येष्ठांना रुचत नाही. अमेरिकन एअरलाइन्स व यू. एस. एअरवेज यांचे विलीनीकरण २०१३ साली झाले. पहिलीत हजेरीच्या वेळेची आणि दुसरीत सेवाज्येष्ठतेची चाल होती. विलीन कंपनीत पहिली टिकली, आणि निवृत्तांना कार्यरतांच्या खालचा वर्ग देण्यात आला. पगाराच्या एका पैचाही प्रश्न नसताना ह्या निर्णयाने दोन्ही गटांत मोठा असंतोष माजला.

ह्या असंतोषाचे मूळ ‘ज्येष्ठ’ ह्या शब्दातच आहे, असे म्हणावयास हरकत नाही. पाणिनीने अष्टाध्यायीच्या पाचव्या अध्यायात ‘ज्येष्ठ’ ह्या रूपाची व्यवस्था लावताना ‘ज्य’ हा आदेश दोन शब्दांच्या जागी सांगितला आहे : ‘प्रशस्य’ म्हणजे वाखाणण्याजोगा आणि ‘वृद्ध’ म्हणजे वयाने वाढलेला. म्हणजे ज्येष्ठ हा सर्वांत चांगला असू शकतो किंवा सर्वांत म्हातारा असू शकतो, आणि शब्दाच्या रूपावरून दोहोंत भेद करता येत नाही. त्याच प्रकरणात ‘युवन्’ आणि ‘अल्प’ ह्या दोहोंना विकल्पाने ‘कन्’ होऊन ‘कनिष्ठ’ सिद्ध होतो. लहान वयाचा आणि कमी योग्यतेचा एकाच शब्दात सामावले. महाराष्ट्रात १९६० साली भाषा संचालनालयाची स्थापना झाल्यानंतर शासनव्यवहाराची मराठी परिभाषा सिद्ध झाली आणि ‘सेवाज्येष्ठता’ हा शब्द कार्यालयांत स्थिरावला. ‘सेवा’ हे पूर्वपद जोडल्यामुळे ज्येष्ठतेचा आधार वय नसून नोकरीची वर्षे आहेत, हे स्पष्ट झाले. पण एक गोष्ट अस्पष्टच राहिली. सेवा संपली की सेवाज्येष्ठता संपते की पूर्ण होते? व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही उत्तरे शक्य आहेत. पहिल्या उत्तरात सेवा ही चालू क्रिया आहे. दुसऱ्यात ती साठत गेलेली वस्तू आहे. विमानाच्या दाराशी जी भांडणे होतात ती ह्या दोन अर्थांमधील भांडणे होत. तरुण कर्मचारी सेवा म्हणजे उद्या पहाटेची पाळी असे समजतो. निवृत्त मनुष्य सेवा म्हणजे अडतीस वर्षे असे समजतो.

रेल्वेच्या प्रवासभाड्याच्या संदर्भात एक विरोधाभास सहज लक्षात येण्याजोगा आहे. ‘ज्येष्ठ नागरिक’ म्हणून वयावर मिळणारी भाड्याची सवलत, पुरुषांना चाळीस टक्के व स्त्रियांना पन्नास टक्के, २० मार्च २०२० पासून थांबविण्यात आली; निवृत्त नोकराचा मानार्थ पास चालूच राहिला. पाणिनीच्या दोन ‘ज्येष्ठां’पैकी वयाच्या ज्येष्ठाला गाडीने खाली उतरविले आणि सेवेच्या ज्येष्ठाला बसू दिले.

‘स्टँडबाय’ ह्या शब्दाचाही थोडा विचार करणे अगत्याचे आहे. हा मूळचा नाविकांचा शब्द. हुकूम मिळताच काम करता येईल अशा तयारीने उभे राहणे हा त्याचा अर्थ. विमानव्यवसायात तो आजही ह्या अर्थाने जिवंत आहे : वैमानिक किंवा विमानपरिचारिका ‘स्टँडबाय’ असते तेव्हा ती घरी असूनही कंपनीच्या आज्ञेत असते व फोन येताच निघते. प्रवाशाला तोच शब्द लावला की अर्थ उलटतो. आता तो कोणाच्या कामासाठी सज्ज नाही. स्वतःच्या कामासाठी ताटकळत आहे. मराठीत ह्या दोन अर्थांना ‘सज्ज’ आणि ‘ताटकळत’ असे दोन स्वच्छ शब्द उपलब्ध असताना दोन्हींसाठी एकच परकी संज्ञा रूढ झाली. तथापि, ही संज्ञा एक गोष्ट उघड करते. कार्यरत कर्मचारी दोन्ही अर्थांनी स्टँडबाय आहे : महिन्यातले काही दिवस तो कंपनीसाठी सज्ज असतो व सुटीच्या दिवशी खुर्चीसाठी ताटकळतो. त्याला अग्रक्रम देण्यामागील सर्वांत बळकट युक्तिवाद हाच आहे. त्याची रजा मोजकी असते, ठरलेल्या दिवशी त्याला परत कामावर हजर व्हावयाचे असते, आणि तो अडकून पडला तर दुसऱ्या कोणाला तरी सज्ज राहावे लागते. निवृत्ताला आजचे विमान चुकले तर तो उद्याचे धरील. हा युक्तिवाद मान्य करावा लागतो. परंतु तो गरजेचा युक्तिवाद आहे, दर्जाचा नव्हे. परतीच्या प्रवासाला, रजेच्या शेवटच्या दिवशी, तो पूर्णपणे लागू पडतो. रजेच्या पहिल्या दिवशी तो बराच सैल होतो. निवृत्तांचा वर्ग कायमचा खाली ठेवणाऱ्या कंपन्यांनी गरजेचे कारण पुढे करून दर्जा ठरविला, असेच म्हणावे लागेल.

निवृत्ताच्या बाजूचा युक्तिवाद वेतनाचा आहे. नोकरीत लागताना पगाराच्या आकड्याबरोबर प्रवासाची सवलतही सांगितली गेली होती. अनेकांनी त्या आशेवर कमी पगार पत्करला. ज्या वयात फिरावयास वेळ मिळणार त्या वयासाठी ती राखून ठेवली. तेव्हा ती उशिरा मिळणारे वेतन आहे. शासनानेही ह्या बाबतीत नेहमी एकच भूमिका घेतलेली नाही. १९६२ च्या आयकर नियमांत वाहतूकसंस्थांनी नोकरांना दिलेल्या विनामूल्य प्रवासाचे मूल्य करपात्र लाभ म्हणून धरण्याची तरतूद होती, आणि त्याच तरतुदीतून रेल्वे व विमानकंपन्यांचे नोकर वगळलेले होते. म्हणजे बसकंपनीच्या नोकराला जे वेतन, ते रेल्वेच्या नोकराला वेतन नव्हे. उलट, रेल्वे मंडळाच्या १९८२ च्या परिपत्रकाने असे ठरविले की निवृत्तीनंतर रेल्वेचे निवासस्थान मुदतीत रिकामे न केल्यास अनधिकृत वास्तव्याच्या प्रत्येक महिन्यामागे मानार्थ पासाचा एक सेट रोखावा. घर अडविणाऱ्याकडून भाडे वसूल करावयाचे तर त्याला अन्य मार्ग आहेत. पण पास रोखणे हा सोपा मार्ग ठरला, कारण तो मानार्थ आहे. येथे नावाचा परिणाम प्रत्यक्ष व्यवहारात झालेला दिसतो. निवृत्तिवेतनाबाबत आपल्या न्यायालयांनी ती बक्षिसी नसून हक्क आहे असे ठामपणे म्हटले आहे. पासाला तसे संरक्षण शब्दानेही दिले नाही.

वेतन म्हणून पासाकडे पाहिले तरी एक अडचण उरतेच. हे वेतन देणारी संस्था टिकली तरच ते मिळते, आणि विमानकंपन्या टिकत नाहीत. १९५३ च्या कायद्याने एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स सरकारी झाल्या. २००७ साली त्या एकत्र आल्या, आणि दोन ज्येष्ठतायाद्यांची एक यादी करण्याचे काम इतके बिकट झाले की न्या. धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. २७ जानेवारी २०२२ रोजी ती कंपनी टाटा समूहाकडे गेली आणि १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा तिच्यात विलीन झाली. प्रत्येक टप्प्यावर रुजू होण्याची तारीख कोणती धरावयाची, हा प्रश्न नव्याने उभा राहतो. १७ एप्रिल २०१९ रोजी जेट एअरवेजची विमाने थांबली तेव्हा तिच्या कर्मचाऱ्यांचा थकलेला पगार हा तंट्याचा विषय झाला. त्यांच्या प्रवाससवलतीचा शब्दही कोणी काढला नाही, कारण ज्यात बसावयाचे ती विमानेच उरली नव्हती. ह्या तुलनेत रेल्वेच्या दोन सेटांना एक भक्कमपणा आहे. मध्य रेल्वेची स्थापना ५ नोव्हेंबर १९५१ ची. तिच्या आधीची जी. आय. पी. रेल्वे १९२५ पासूनच सरकारी व्यवस्थापनाखाली होती. रेल्वेत धोका संस्था नाहीशी होण्याचा नसून सेवेच्या वर्षांत खंड पडण्याचा होता. मे १९७४ च्या संपानंतर अनेकांच्या सेवेत खंड मानला गेला. वीस आणि पंचवीस ह्या आकड्यांवर ज्या व्यवस्थेत सर्व काही ठरते तिच्यात अशा शिक्षेचा अर्थ काय होतो, हे वेगळे सांगावयास नको. पुढे सरकार बदलल्यावर ती बाब बऱ्याच अंशी दुरुस्त करण्यात आली.

पासांच्या नामावलीतील शेवटचे नाव सर्वांत कठोर आहे. निवृत्त नोकराच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीला मिळणाऱ्या पासाला ‘विधवा पास’ म्हणतात. ही योजना १९८७ साली सुरू झाली आणि पतीला निवृत्तीनंतर जितके सेट मिळाले असते त्याच्या निम्मे तिला मिळतात. जेथे एकच असेल तेथे एक वर्षाआड एक. ‘सुविधा’ आणि ‘मानार्थ’ ह्या नावांत पास कशासाठी आहे ते सांगितले आहे. येथे पास कोणाजवळ आहे ते सांगितले आहे, आणि तेही त्या स्त्रीच्या आयुष्यातील एका दुःखाच्या नावाने. तिकीट तपासनिसाला पास दाखविणे म्हणजे डब्यातील अनोळखी माणसांसमोर आपले वैधव्य वाचून दाखविणे होय. परिभाषेची आवश्यकता कोणी नाकारीत नाही. परंतु ‘कुटुंब-निवृत्तिवेतन’ असा सभ्य व अचूक शब्द त्याच लाभाच्या पैशाच्या अंगासाठी उपलब्ध असताना प्रवासाच्या अंगासाठी हा शब्द का ठेवावा, ह्याचे समाधानकारक कारण दिसत नाही. निम्मेपणाचा हिशोबही पटण्याजोगा नाही. पासावर एक मनुष्य नव्हे, कुटुंब प्रवास करते. पतीच्या मृत्यूने त्या कुटुंबातील एक माणूस आधीच उणा झालेला असतो आणि प्रत्येक सेटावर रेल्वेला एक जागा कमी द्यावी लागते. त्यावर पुन्हा सेटांची संख्या निम्मी करणे म्हणजे एकाच कारणासाठी दोनदा वजाबाकी करणे होय.

कागदी पासांच्या जागी आता संगणकीय पास आले आहेत. रेल्वेने २०२० च्या ऑगस्टमध्ये ही व्यवस्था सुरू केली. शिक्का मारलेला जाड कागद, त्यावरील कारकुनाची वळणदार सही, आणि तो घडी मोडू नये म्हणून पेटीच्या तळाशी जपून ठेवण्याची रीत, हे सर्व त्याबरोबर मागे पडत चालले आहे. बदलापुरात निवृत्तीनंतर दर वर्षी पास आणण्यासाठी कार्यालयात जाणाऱ्या वृद्धाला ती फेरी हीच एक भेट असे. जुन्या खात्यात अर्धा तास बसावयाचे, कोण कुठे बदलून गेला ते विचारावयाचे, नवा साहेब ओळखतो का ते पाहावयाचे. आता पास घरबसल्या फोनवर येतो, क्रमांकाच्या रूपाने. आरक्षण करताना तो क्रमांक टाकला की भाड्याच्या रकान्यात शून्य उमटते. सुविधा, मानार्थ की विधवा, हे सहप्रवाशांना दिसत नाही, यंत्राला तेवढे ठाऊक असते.